जुन्या निळीचं जाकीट की नव्या निळीचं?

जपानात नोकरी करणाऱ्या भाचीने दोन जाकिटांचे फोटो पाठवून विचारलंय, "मामा, कुठलं घेऊ?" दोन्ही हाताने शिवलेली, कामकऱ्यांच्या सैल घाटाची. एक जुन्या निळ्या सुती कापडाचं. दुसरं जपानमधल्या तोकुशिमाच्या सुकुमो निळीत, म्हणजे निळीची पानं कुजवून केलेल्या रंगात, रंगवलेल्या नव्या कापडाचं.

खरा फरक टिकाऊपणात आहे. जुनं कापड उजेडासमोर धरून बघ. विरलं असेल तर कोपर आणि खिशांच्या कडा आधी जातील. त्यात तपकिरी-काळे पट्टे असतील तर जास्त जप, कारण लोहाच्या रंगाने धागाच ठिसूळ होत जातो आणि ठिगळाने ते थांबत नाही. पन्हाही जेमतेम ३५ सेंटिमीटर, म्हणून शिवणी जास्त. साशिकोच्या, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या, टाक्यांनी दुपदरी केलेला तुकडा मात्र भक्कम असतो.

रंगात जुनं सरस. नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरावर बसते आणि घासून उतरते. जुन्याची सुटी नीळ बहुतेक धुण्यांत निघून गेलेली असते. नवं मात्र शर्टाच्या कॉलरला, पिशवीला लागतं. ते सुरुवातीला वेगळंच धुवावं.

जुनं म्हणजे नैसर्गिकच, हे मात्र धरून चालू नकोस. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

किंमत दोन्हींची जडच.

रोज सायकलवर, बागकामाला, पाठपिशवीसह वापरणार असशील तर नवं घे. आठवड्यातून एकदा घालणार, हौसेने रफू करणार, तर जुनंच घे, पण हातात धरून बघितल्याशिवाय नाही.