परसातले घर: अंदाजपत्रकात न दिसलेला खर्च

मूळ घरामागच्या मोकळ्या जागेत बांधलेले दोन खोल्यांचे घर आम्ही आता एका पावसाळ्यासह अनेक महिने वापरले आहे. राहण्याच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही. मात्र कंत्राटदाराचे अंदाजपत्रक जोत्याच्या कडेशी संपते आणि तिथून मूळ घरापर्यंतच्या अंतराचा हिशेब मालकाच्या माथी येतो.

सर्वाधिक रक्कम सांडपाण्यावर गेली. ड्रेनेजच्या १०० मिलिमीटर पाइपाला साधारण १:५० उतार द्यावा लागतो, म्हणजे २५ मीटर अंतरात तो अर्धा मीटर खाली जातो. आमचे परस मागच्या बाजूला उतरते असल्यामुळे ज्या जुन्या चेंबरला (मूळ घराच्या सांडपाण्याच्या हौदीला) हा पाइप जोडायचा होता, त्याचा तळ नव्या पाइपापेक्षा उंच भरला, आणि मग मैला उपसणारा पंप, त्याची टाकी, पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकी भरल्याची सूचना देणारी घंटा असे सगळे लटांबर मागोमाग आले. पंपाने आजवर त्रास दिलेला नाही आणि तो वीजही फारशी खात नाही. तथापि वीज गेली की टाकीत जागा असेपर्यंतच न्हाणीघर वापरता येते. चेंबरचे झाकण उघडून तळाची पातळी मोजायला काहीच खर्च येत नाही, म्हणून ते काम नकाशा काढण्याआधी करावे.

विजेच्या बाबतीत अंतरच महाग पडते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून ३० मीटरवर ३० अँपिअर प्रवाह नेला, तर २३० पैकी सुमारे ८ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ही घट साडेतीन व्होल्टच्या आत राहते. आम्ही जाड केबल घेतली आणि गीझर चालू असताना दिवे मंदावत नाहीत. त्याहून मोठा खर्च वाढीव भारासाठी मुख्य पॅनेल बदलण्याचा होता. पाण्याच्या जोडणीत विशेष काही घडले नाही.

बाजूची बोळ अरुंद असल्याने यंत्र आत आले नाही, त्यामुळे खोदाई आणि मालवाहतूक दोन्ही मजुरीवर झाली. शिवाय खोदलेली माती फुगते, तेव्हा खड्ड्याच्या मापावरून ठरवलेल्या खेपा कमीच पडतात. चराची भरणी थराथराने न ठोकल्यामुळे पावसात फरसबंदी खचली आणि ती पुन्हा बसवावी लागली. पन्नास चौरस मीटर छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी उतरते, म्हणून शोषखड्डा नंतर का होईना करावाच लागला. चरात जास्तीची एक रिकामी नळी टाकून ठेवली होती, तेवढी मात्र फार स्वस्तात पडली: पुढे इंटरनेटची केबल त्यातूनच नेली आणि फरशी उचलावी लागली नाही.