पेशी ताणायचं यंत्र, आठ महिन्यांनंतर: सगळं क्लॅम्पवर अडलं

गेल्या आठवड्यात डावा क्लॅम्प पुन्हा सैल झाला, म्हणून हे लिहायला बसले. दुसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. आज तसं म्हणणार नाही. यंत्र परतही करणार नाही.

माझा वापर एकच. पीडीएमएस या सिलिकॉन रबराच्या पातळ पापुद्र्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, एमडीसीके पेशींचा (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या) सलग थर वाढवायचा, तो एका दिशेनं ताणायचा आणि पेशींच्या सांध्यांवरच्या ई-कॅडहेरिनवर, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या प्रथिनावर, किती ओढ येते ते फ्रेट सेन्सरनं बघायचं. फ्रेट म्हणजे एका चमकणाऱ्या रेणूकडून (डोनरकडून) अगदी जवळच्या दुसऱ्याकडे ऊर्जा जाणं; दोघांच्या उजेडाच्या गुणोत्तरावरून ते मोजते. सेन्सर ओळखीचाच: कोळ्याच्या रेशमातल्या प्रथिनावरून घेतलेली ४० अमिनो आम्लांची लवचीक दोरी आणि तिच्या दोन टोकांना दोन चमकणारी प्रथिनं. ओढ आली की ती लांब जातात, फ्रेट उतरतं. २०१० मध्ये हा सेन्सर विन्क्युलिनमध्ये (पेशीच्या जोडांना बळकटी देणारं प्रथिन) बसवला गेला, २०१२ मध्ये ई-कॅडहेरिनमध्ये. पल्ला साधारण १ ते ६ पिकोन्यूटन (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग).

मोटर शांत चालते, स्टेजवर नीट बसते, तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली तिसऱ्या महिन्यात, कंट्रोलपासून, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, ओढ जाणवूच नये अशा सेन्सरपासून. त्यातलं शेपूट कापलेलं ई-कॅडहेरिन पेशीच्या आत कॅटेनिन या दुवा प्रथिनांना आणि त्यापुढे ॲक्टिनला, म्हणजे पेशीच्या सांगाड्याच्या तंतूंना, जोडलेलंच नसतं. त्यामुळे थर ताणला तरी त्याचं फ्रेट जागचं हलायला नको. माझं हलत होतं, आणि जवळजवळ पूर्ण लांबीच्या सेन्सरइतकंच. दोन आठवडे मी सेन्सरवर संशय घेतला. सेन्सर असलेल्या पेशींचे नवे क्लोन निवडले, सूक्ष्मदर्शकाचे फिल्टर तपासले. पण वाय-२७६३२ हे रसायन घालून मायोसिनचा (ॲक्टिनला ओढणाऱ्या प्रथिनाचा) जोर कमी केला की पूर्ण सेन्सरचं फ्रेट व्यवस्थित वर चढायचं. सेन्सर ठणठणीत होता.

मग मेम्ब्रेनवर चमकणारे सूक्ष्म मणी चिकटवले आणि त्यांच्यातलं अंतर मोजलं. यंत्राच्या पडद्यावर १० टक्के, मण्यांच्या हिशेबानं जेमतेम ६. पडदा मोटरची पावलं मोजतो, मेम्ब्रेनला काय झालं ते त्याला कळत नाही. मेम्ब्रेन डाव्या क्लॅम्पमधून सरकत होती, आणि परत शून्यावर आणली की मधे झोळ पडायचा. पेशी फोकसमधून खाली गेल्या की सांध्यांचा उजेड कमी होतो, पार्श्वभूमीचा मात्र तेवढाच राहतो. माझ्या मांडणीत डोनरच्या चॅनलमध्ये ती पार्श्वभूमी जास्त होती, त्यामुळे गुणोत्तर उतरायचं. तीच मला ओढ वाटत होती. एका निसटत्या क्लॅम्पनं दोन चुका एकदम दिल्या: ताण खरा होता त्यापेक्षा जास्त दाखवला, आणि नव्हती तिथे ओढ दाखवली.

कंपनीशी पत्रव्यवहार मनस्ताप देणारा होता. मोटर अचूक आहे, हे त्यांनी तीनदा लिहिलं. मोटरबद्दल मी विचारलंच नव्हतं. मग प्रश्न आला, मेम्ब्रेन पुन्हा वापरता का? वापरते. चांगली मेम्ब्रेन एका प्रयोगानंतर फेकून देणं मला जमत नाही. इथॅनॉलमध्ये धुऊन, पुन्हा कोलॅजेनचा लेप देऊन तेव्हा तीन-चार वेळा वापरायचे. दोष माझाही असू शकतो म्हणून कोऱ्या मेम्ब्रेन लावून मोजलं. जुन्या मेम्ब्रेन ४ टक्क्यांपासूनच सरकत होत्या, हे कबूल. पण कोऱ्याही ८ टक्क्यांपुढे सरकल्या. ती चित्रं पाठवल्यावर मात्र सूर बदलला, आणि खाचा असलेले नवे जबडे एकही शब्द न वाढवता आले.

त्यानंतरचे महिने खरोखर आनंदाचे गेले. १० मागितले की मणी साडेनऊच्या आसपास सांगतात. कंट्रोल तरीही थोडा उतरायचा, कारण पीडीएमएस ताणलं की पातळ होतंच. १०० मायक्रॉनची मेम्ब्रेन १० टक्के ताणली की निदान साडेचार मायक्रॉननं. त्या अंतरात अख्खा सांधा फोकसबाहेर जातो. आता प्रत्येक पायरीला नव्यानं फोकस करते, वरपासून खालपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर चित्रं घेते, पार्श्वभूमी वजा करते. कंट्रोलची रेघ सपाट, पूर्ण सेन्सरची उतरती.

खात्रीसाठी ताण तसाच धरून पेशी फिक्स केल्या (रसायनानं आहेत तशा गोठवल्या) आणि अल्फा-१८ अँटिबॉडी लावली. अल्फा-कॅटेनिनचा मधला भाग साधारण ५ पिकोन्यूटनला उलगडतो आणि विन्क्युलिनची जागा उघडी पडते. ही अँटिबॉडी त्या उलगडलेल्या रूपालाच ओळखते. ताणलेल्या थरातले सांधे उजळलेले दिसले तेव्हा मी कितीतरी वेळ आयपीसवरून डोळे काढले नाहीत. दोन निराळ्या वाटांनी तेच उत्तर आलं होतं.

गेल्या आठवड्यात जे सुटलं ते स्क्रूमुळे. हजारो आवर्तनांनी ते ढिले होतात. आता प्रत्येक प्रयोगाआधी एकाच जोरानं आवळते आणि मेम्ब्रेन दोनदाच वापरते. मेम्ब्रेनवरचा खरा ताण कॅमेऱ्यानं मोजून पडद्यावर दाखवायची सोय कंपनीनं द्यायलाच हवी. तोवर मणी.

पहिल्या दोन महिन्यांची सगळी मापं मी बाजूला काढली आहेत. त्या मेम्ब्रेनवर मणी नव्हते.