महापूर आणि मंदी : दुकान तगवण्यासाठी सोनेतारण की कॅश क्रेडिट?

सांगलीच्या गणपती पेठेतील लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्या काळात दोन संकटे अगदी जवळून पाहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले. ते सावरते न सावरते तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दोन्ही वेळी दुकानदारांचा प्रश्न एकच होता : घरातले सोने तारण ठेवावे, की बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटवर, भागवावे? माझे उत्तर मात्र दोन्ही वेळी वेगळे होते, कारण महापुरात माल जातो पण गिऱ्हाईक राहते, आणि मंदीत माल फळीवरच राहतो पण गिऱ्हाईक येत नाही.

सीसीची सोय अशी की जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज लागते. मर्यादा दहा लाखांची असली तरी सहा लाख वापरले तर व्याज सहा लाखांवर. ही मर्यादा दुकानातल्या मालाच्या तारणावर असते, आणि अडचण दर महिन्याला द्याव्या लागणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या हिशेबात, आहे. बारा लाखांचा माल असेल आणि बँकेचे मार्जिन, म्हणजे मालाच्या किमतीतला दुकानदाराने स्वतः घालायचा वाटा, २५ टक्के असेल, तर नऊ लाखांपर्यंत उचल करता येते. पण पुराने नऊ लाखांचा माल नेला, तर उरलेल्या तीन लाखांच्या मालावर उचल सव्वादोन लाखांवर येते. थोडक्यात, ज्या आठवड्यात पैशाची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच आठवड्यात हा नळ बारीक होतो.

पाणी ओसरल्यावर मसाल्याच्या एका दुकानात गेलो होतो. हळदीच्या पोत्यांचे दगडासारखे गठ्ठे झाले होते, मिरचीला कुबट वास येत होता, आणि मालक उधारीच्या वहीची चिकटलेली पाने ब्लेडने एकेक करून सोडवत बसले होते. निम्म्या पानांवर फक्त निळा डाग उरला होता. त्यांना मी सोनेतारण सुचवले. सोन्याला मालाच्या साठ्याशी देणेघेणे नसते, रक्कम बहुधा त्याच दिवशी मिळते, आणि दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक परतणार हे ठाऊक असल्याने फेडीचा अंदाज बांधता येत होता. तीन लाखांवर १२ टक्के दराने महिन्याला तीन हजार व्याज होते, तेवढे त्या दुकानाला झेपणारे होते. (एक गोष्ट मी प्रत्येक वेळी विचारतो : दागिने कोणाचे? ते वहिनींचे असतील, तर निर्णयाच्या बैठकीला त्यांनी असायला हवे, नुसते सहीपुरते नव्हे.)

टाळेबंदीत हाच सल्ला अंगाशी आला असता. सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षभराची असते. मुद्दल आणि व्याज एकदमच भरायचे ठरले असेल आणि तोवर धंदा उभा राहिला नाही, तर पुढे लिलावाची नोटीस येते. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शेतीबाह्य सोनेतारणासाठी किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची तात्पुरती मुभा दिली, तेव्हा अनेकांना ती संधी वाटली. मला तर तो जास्त खोल खड्डा वाटला. संकट कधी संपणार हे ठाऊक नसताना मुदतीचे कर्ज अंगावर घेणे धोक्याचे असते. ज्यांची सीसी आधीपासून होती, त्यांना त्या वर्षी केंद्राच्या हमी योजनेतून २९ फेब्रुवारी २०२० च्या येणे बाकीच्या २० टक्के जादा कर्ज मिळाले : नवे तारण नाही, पहिले वर्षभर मुद्दल नाही, बँकांचे व्याज कमाल ९.२५ टक्के. बँकेत कर्जखातेच नसलेल्या दुकानदाराला ही दारे बंद होती. म्हणून चांगल्या दिवसांतच लहानशी का होईना सीसी घेऊन ठेवावी, असे माझे मत झाले आहे. मात्र तिची शिस्त सांभाळावी लागते, कारण उचल सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिली किंवा जमा होणाऱ्या रकमेतून व्याजही भागले नाही, तर खाते थकीत ठरते.

पतसंस्थेचे पिग्मीवरील, म्हणजे रोज थोडी थोडी भरायच्या बचतीवरील, कर्ज हातगाडीवाल्याला सोयीचे असते; व्याज बँकेपेक्षा बहुधा जास्त, पण फेड रोजच्या गल्ल्यातून होते. गल्लाच बंद पडला तर अर्थातच तीही थांबते. शिवाय पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा नागरी सहकारी बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थेतील ठेवींना नाही. म्हणून अडीअडचणीची शिल्लक तिथे ठेवू नये. परवाना नसलेल्या सावकाराचा विचार इथे करत नाही.

सीसी असो वा सोनेतारण, पुराच्या पट्ट्यात त्याआधी मालाचा विमा पाहावा लागतो. माझ्या एका अशिलाच्या पॉलिसीत पुराचे संरक्षण होते, हप्ताही वेळेवर भरला होता, पण पत्ता दुकानाचा लिहिला होता आणि भिजलेला माल मागच्या गल्लीतील भाड्याच्या गोदामात होता. कंपनीने दावा फेटाळला. तेव्हापासून दर मे महिन्यात मी प्रत्येकाच्या पॉलिसीवरचा पत्ता आणि गोदामाच्या भाडेकरारावरचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून वाचतो.