फोन मीच केला होता

बँक, पोलीस, वीज कंपनी किंवा कुरिअरच्या नावाने अनोळखी फोन आला की उचलायचा नाही, उचललाच तर काही सांगायचं नाही, हे मला पाठ होतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर असे सावधगिरीचे निरोप मीच टाकत असे. तरीही गेल्या जुलैत माझे ६६,६९८ रुपये गेले. मला कुणी फोन केला नव्हता. नंबर मी शोधला आणि फोनही मीच लावला. हे लिहायला बसले ते याच एका गोष्टीसाठी.

मी साताऱ्यात राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आमच्या २४ सदनिकांच्या सोसायटीची खजिनदार आहे. सोसायटीचे सगळे हिशोब माझ्या लॅपटॉपवर असतात. हा लॅपटॉप मुलाचा. तो नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेला तेव्हा मला देऊन गेला. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत व्हायला हवं असतं आणि लेखापरीक्षक सोमवारी येणार होते. शुक्रवारी रात्री लॅपटॉपवर अपडेट सुरू झालं, ते चालू ठेवूनच मी झोपले. शनिवारी सकाळी नऊला झाकण उघडलं, तर नेहमीचं चित्र नाही, पासवर्डची चौकट नाही. नुसता निळा पडदा. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की या ड्राइव्हची 'रिकव्हरी की', म्हणजे डिस्कचं कुलूप उघडणारी आकडी किल्ली, टाका. खाली आकडे भरायची रिकामी जागा, त्याखाली अक्षरांचा आणि आकड्यांचा एक लांबलचक ओळख क्रमांक.

बंद करून पुन्हा चालू केला. तेच. चार्जर काढला, पुन्हा लावला. तेच. एप्रिलपासूनच्या पावत्या, सिंकिंग फंडाचा तक्ता, थकबाकीची यादी सगळं आत. बॅकअप मार्चचा. पोटात गोळा आला.

मुलाला फोन करावा हे पहिल्यांदा मनात आलं होतं. पण तिथे पहाटेचे साडेपाच वाजले होते, त्यातून शनिवार. त्याला झोपेतून कशाला उठवू, असं म्हणून मी फोन ठेवला. त्या एका विचाराची आजही हळहळ वाटते.

मोबाइलवर शोधलं: 'लॅपटॉप निळा स्क्रीन रिकव्हरी की हेल्पलाइन'. सगळ्यात वर मायक्रोसॉफ्ट कंपनीसारखंच नाव, चार रंगांचे चौकोन आणि १८०० ने सुरू होणारा नंबर. नावाच्या वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. ते मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. पैसे भरून कुणीही जाहिरात वर आणू शकतो आणि १८०० चा नंबर घेणं म्हणजे काही सरकारी शिक्का नव्हे, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. घाईत ते सुचलं नाही.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. आधी ध्वनिमुद्रित स्वागत, मग मागे चार माणसं बोलत असल्याचा आवाज, मग एक तरुण. "घबराइए मत मॅडमजी, आपका डेटा सेफ है." मी न विचारता त्याने नेमकं तेच सांगितलं जे मला ऐकायचं होतं. पडद्यावरचा ओळख क्रमांक वाचायला लावला, टकटक टाइप केल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला की तुमची की आमच्या सर्व्हरवर तयार करावी लागेल, फी १,९९९ रुपये. रक्कम फार मोठी नाही. दुकानात नेला असता तरी तेवढे गेलेच असते, असं वाटलं.

लॅपटॉप बंद आहे, म्हणून मोबाइलवरूनच "कनेक्ट" व्हायचं, असं त्याने सांगितलं. एक ॲप उतरवायला लावलं, त्यात दिसणारा आकडा विचारला, मग पडद्यावर जी परवानगी येईल तिला होकार द्यायला सांगितलं. हे ॲप खोटं नव्हतं. दूरच्या माणसाचं यंत्र दुरुस्त करायला हजारो प्रामाणिक लोक अशी ॲप वापरतात, माझा मुलगाही वापरतो. पण ते चालू असताना तुमच्या फोनच्या पडद्यावर जे जे दिसतं ते समोरच्याला दिसतं. बँकेचा ओटीपीसुद्धा. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मला ते नंतर कळलं.

फीसाठी त्याने एक लिंक पाठवली. तिथे डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मी स्वतःच्या हाताने भरले. ओटीपी आला, तोही भरला. १,९९९ गेले, तसा संदेश आला, त्यामुळे विश्वास आणखी वाढला. मग तो म्हणाला, "अब की जनरेट हो रही है, दस मिनट लगेंगे. फोन को उल्टा करके टेबल पर रख दीजिए, स्क्रीन पर हाथ मत लगाइए, नहीं तो प्रोसेस टूट जाएगी."

मी फोन पालथा ठेवला. टेबलावर माझ्या सासूबाईंनी भरलेला क्रॉसस्टिचचा रुमाल आहे, त्यावर. स्पीकर चालूच होता, तो अधूनमधून "हां मॅडमजी, पचास परसेंट" असं म्हणत होता. फोन त्या रुमालावर थरथरला. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला. दर थरथरीला रुमालाची झालर हलत होती आणि मी ती बघत हात मांडीवर घेऊन बसले होते. ते ओटीपी होते, आणि माझ्या खात्यातून पैसे गेल्याचे संदेश होते. एकदा २४,९९९ आणि एकदा ३९,७००. फोन उलटा ठेवायला का सांगतात, तर एवढ्यासाठी.

दहा मिनिटांनी त्याने सहा-सहा आकड्यांचे आठ गट सांगितले. मी ते मेंटेनन्सच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहून घेतले. पहिला गट ४८३९१६, दुसरा २०७७५४, असे पुढे. लॅपटॉपवर टाकले. चालले नाहीत. तो म्हणाला, सर्व्हरची अडचण आहे, कार्ड पुन्हा "व्हेरिफाय" करावं लागेल. याच वेळी दारावरची बेल वाजली. शेजारची सून पावती न्यायला आली होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काकू, काय झालं?" मी सांगायला लागले आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने टेबलावरचा फोन उचलून सरळ केला. संदेशांची रांग बघितली, इंटरनेट बंद केलं, फोन बंद केला. मग तिच्या फोनवरून बँकेला आणि लगेच १९३० ला फोन.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय नंबर आहे, तो तुमच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. तिथे त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत: कोणती बँक, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. हे सगळं बँकेच्या संदेशात असतं, म्हणून संदेश पुसू नका, ॲपही लगेच काढून टाकू नका, आधी पडद्यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तपशील भरायचा. आमचा फोन पैसे गेल्यापासून चाळीस मिनिटांत झाला. त्यामुळे २४,९९९ एका वॉलेटमध्ये अडकवून ठेवता आले. ३९,७०० तोवर पुढे निघून गेले होते. कार्ड बंद केल्यावर १८,००० चा आणखी एक प्रयत्न झाला, तो फसला.

दुपारी एक वाजता, म्हणजे तिकडे साडेनऊला, मी मुलाला फोन केला. रडू आवरत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आई, पैशांचं नंतर बघू. पडद्यावरच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं वाच." मी वाचली. त्याने आपलं मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं. लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याने याच खात्याने साइन इन केलं होतं. तिथे माझ्या लॅपटॉपच्या नावापुढे तीच आठ अक्षरं, आणि त्यांच्यापुढे ४८ आकडी की. गेली तीन वर्षं ती तिथेच होती. पाच मिनिटांत लॅपटॉप सुरू झाला. एक पैसा लागला नाही.

यातली गोम समजून घ्या. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्कला बहुधा आपोआप कुलूप लागतं. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. त्याची किल्ली त्या खात्यात जमा होते. एरवी कुलूप आपलं आपण उघडतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण बायोस किंवा फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू करणारी त्याच्या आतली मूळ आज्ञावली, बदलली, मदरबोर्ड बदलला, सुरू होण्याच्या पद्धतीत काही फरक पडला, की यंत्राला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. माझ्या लॅपटॉपवर त्या रात्री बायोसचंच अपडेट बसलं होतं. म्हणजे काही बिघडलेलं नव्हतंच. आणि ती की कुणालाही 'तयार' करता येत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टही हरवलेली की परत देऊ शकत नाही किंवा नवी बनवू शकत नाही, हे ते स्वतःच सांगतात. खात्यात नसेल, छापून ठेवली नसेल, पेन ड्राइव्हवर नसेल, तर डिस्क पुसून नव्याने सुरुवात करणं एवढंच उरतं. तेव्हा 'की बनवून देतो' असं म्हणणारा माणूस त्या वाक्यालाच खोटा पडतो.

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती गणिताच्या शिक्षिकेला फार लागली. त्या आठ गटांतला प्रत्येक सहा आकडी गट ११ ने निःशेष भागला जातो. टाइप करताना चूक झाली तर लगेच पकडता यावी म्हणून तशी रचना आहे. मी पावतीपुस्तक काढलं. ११ ची कसोटी मी किती वर्षं फळ्यावर शिकवली: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्यांची वजाबाकी शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवी. ४८३९१६. चार, तीन आणि एक मिळून आठ. आठ, नऊ आणि सहा मिळून तेवीस. फरक पंधरा. नाही भागला जात. २०७७५४: चौदा आणि अकरा, फरक तीन. आठपैकी एकही गट बसला नाही. त्याने तोंडाला येतील ते आकडे सांगितले होते आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते. मुलाने सांगितलेले गट मात्र एकेक करून सगळे बसले.

बनावट तांत्रिक मदतीची कॉल सेंटर आपल्या देशात चालतात हे मला माहीत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झालेली प्रकरणंही होती. ती बातमी वाचून मी परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल हळहळले होते. हे लोक तिकडच्यांना फोन करून लुटतात, अशी माझी समजूत. आपण स्वतः नंबर शोधत त्यांच्या दारात जाऊ, हे डोक्यातच नव्हतं.

बँकेचं उत्तर आलं ते वाचून वाईट वाटलं, पण ते नियमाला धरून होतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गोपनीय माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे, नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतरचा तोटा बँकेचा. म्हणून आधी बँक, मग रडणं. मी तर शेजारच्या सुनेला सगळं समजावत बसले असते. ती ऐकत थांबली नाही हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

सोमवारी लेखापरीक्षक आले, हिशोब वेळेत झाले. पैसे माझे होते, सोसायटीचे नव्हते. तरी त्याच संध्याकाळी मी सभासदांना बोलावून झालेलं सगळं सांगितलं. लाज वाटत होती. सांगून झाल्यावर दोन घरांतल्या माणसांनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं की आमचेही गेलेत, घरात कुणाला माहीत नाही. एकाने तर तक्रारसुद्धा केलेली नव्हती.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी एकेका घरी जाते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघते. असेल तर लॅपटॉप कुणाच्या खात्यावर आहे ते विचारते. हा प्रश्न अवघड जातो. कुठे बंगळूरला गेलेल्या मुलीचं खातं असतं, कुठे दुकानदाराने तेव्हा बनवून दिलेलं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. खातं उघडलं की ती किल्ली कागदावर छापून घेतो आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरच्या कपाटात, रेशन कार्डाबरोबर ठेवतो. आतापर्यंत अकरा घरं झाली. अडकलेल्या २४,९९९ साठी न्यायालयात अर्ज केला आहे, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.