लिफ्ट किटचे पैसे घेतले आणि नुसता बोल्ट आवळला

सोलापुरात कुणी जुन्या थारला स्वस्तात लिफ्ट करून, म्हणजे गाडी उंच करून देतो म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझी गाडी २०२० च्या आधीची थार सीआरडीई आहे. पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा), मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). ही फसवणूक याच बनावटीच्या गाड्यांवर सगळ्यात सोपी जाते.

आमचं रान सीनेच्या काठाला, काळ्या मातीत आहे. पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात, थारचं पोट मधल्या वरंब्यावर टेकतं आणि चाकं जागेवर फिरत राहतात. म्हणून दोन इंच उंची हवी होती. ऑस्ट्रेलियाहून येणारे किट आमच्या आवाक्यातले नाहीत. हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजवाल्यानं ४२,००० सांगितले: पुढं नवे जाड टॉर्शन बार, मागं नवे पाटे, चारही शॉकअप लांब. गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी खरंच उंच होती, खालून सगळं काळ्या रंगात चकाचक. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला, साहेब." साध्या पावतीवर एकच ओळ होती: लिफ्ट किट, १ नग.

थोड्याच दिवसांत खड्ड्यातून चाक खाली गेलं की पुढून 'ठक्क' असा आवाज यायला लागला. पुढचे टायर एका कडेनं घासायला लागले. मग ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा रबर बूट फाटला आणि आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं. अक्कलकोट रोडच्या एका जुन्या मिस्त्रीकडं गाडी वर घेतली, तेव्हा सगळं उघड झालं.

टॉर्शन बार कंपनीचाच, जुना. फक्त त्याचा ॲडजस्टिंग बोल्ट आवळलेला. बोल्टचे नव्यानं बाहेर आलेले आटे चकाकत होते, बाकी सगळीकडं गंज. शॉकअपचा रंग मिस्त्रीनं खिळ्यानं खरवडला तर खाली जुनाच रंग निघाला. मागं पाटे जुने, त्यात दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा एक पाटा घातलेला आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कड्या) लांब बसवलेले.

तो बोल्ट कंपनीनंच दिलेला असतो. बार कालांतरानं ढिला होऊन गाडी खाली बसते, तेव्हा उंची जागेवर आणायला तो थोडा फिरवणं यात काही वावगं नाही. पण बोल्ट आवळल्यानं चाकाला जास्तीची हालचाल मिळत नाही. चाक खाली जिथपर्यंत लोंबू शकतं ती हद्द तीच राहते, फक्त गाडी त्या हद्दीच्या जवळ जाऊन उभी राहते. मग जरा खड्डा आला की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठोका देतो, शाफ्टचा कोन वाढतो, बूट फाटतो, अलाइनमेंट बिघडते. उंची दिसते, पण ओबडधोबड जमिनीवर चाक टेकलेलं राहत नाही आणि लिफ्ट तर त्यासाठीच करायची असते. पान्याच्या दहा मिनिटांच्या कामाला नव्या बारचे पैसे घेणं ही सरळ चोरी आहे.

त्यानं आणखी एक थाप मारली होती: मागच्या एक्सलचा गोळाही (मधला डिफरन्शियलचा फुगीर भाग) दोन इंच वर येईल. मागचा एक्सल अखंड आहे, तो चाकांवर उभा असतो. पाटे कितीही उंच करा, वर जाते ती चॅसी. गोळा वर येतो तो फक्त मोठ्या टायरनं. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

फोटो घेऊन गेलो तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं: "तक्रार करा की. आरटीओ तुमचीच गाडी उचलंल." याच भीतीवर या लोकांचा धंदा चालतो. भीती पूर्ण खोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण म्हणून न बसवलेल्या मालाचे पैसे खायचा हक्क त्याला मिळत नाही.

मी बोल्ट मूळ जागी आणून घेतला, शॅकल आणि तो पाटा काढला, बूट बदलला, अलाइनमेंट केली. आता आमच्या भागातल्या पाटेवाल्याकडून पाट्यांना मूळची कमान आणून घेणार आहे. दोन इंचांचा हट्ट मी सोडलाय.

तुम्ही काम देणार असाल तर गाडी सोडण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घ्या. मग चॅसीला जॅक लावून चाक त्या मापापेक्षा आणखी किती खाली लोंबतं तेही मोजा. काम झाल्यावर उंची वाढली आणि लोंबणं तेवढंच कमी झालं, तर बोल्टच फिरवलाय. जुन्या पार्टवर आधीच पंचनं खूण मारून ठेवा, ते परत मिळतील असं लिहून घ्या, आणि बिलावर बार, पाटे, शॉकअप वेगवेगळे मांडायला लावा.

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. माझा अर्ज लिहून तयार आहे, मिस्त्रीनं काय बघितलं ते लिहून सही करून दिलंय. ज्यांनी हायवेवर असंच काम करून घेतलंय, त्यांनी शॉकअपचा रंग खरवडून बघा आणि जुनं निघालं तर फोटो काढून, पावतीसकट जपून ठेवा.