शौच तपासणी: साधी, अँटिजेन की पीसीआर?

पोट महिनाभर बिघडलंय, डॉक्टरांनी ‘स्टूल रुटीन’ (शौचाची साधी तपासणी) लिहून दिलंय आणि लॅबच्या दरपत्रकात शेजारीच कितीतरी महाग पीसीआर पॅनेल (एकाच नमुन्यात अनेक जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आहे. महाग ती चांगली, हा हिशेब इथे चालत नाही. शंका कशाची आहे, ते आधी पाहा.

साध्या तपासणीत काचपट्टीवर सलाईन आणि आयोडीनच्या थेंबात नमुना कालवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गोलकृमी, अंकुशकृमीची अंडी, जिआर्डिया, अमिबा हे एकपेशी परजीवी, जे असेल ते एकाच काचेवर सापडू शकतं. माझ्या मते हाच तिचा मोठा गुण. पण परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत. म्हणून दिवसाआड तीन नमुने द्यावेत. एका ‘निल’ रिपोर्टवर निश्चिंत होऊ नये. शौच पातळ असेल तर लॅबमध्ये जाऊनच नमुना द्या, कारण हलता अमिबा अर्ध्या तासात ओळखू येईनासा होतो. डबीत लघवी किंवा पाणी जाऊ देऊ नका आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्या.

अमिबाच्या बाबतीत मात्र सूक्ष्मदर्शक अडखळतो. आमांश करणारा हिस्टॉलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार दिसायला सारखेच. अमिबाने तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर हिस्टॉलिटिकाची दाट शंका घेता येते, एरवी रिपोर्ट बघून विनाकारण मेट्रोनिडाझोल (अमिबावरचं औषध) गिळायची वेळ येते. इथे पीसीआरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. अँटिजेन (शौचात परजीवीची प्रथिनं शोधणारी तपासणी) घेणार असाल तर ती या दोघांत फरक करते का, हे लॅबला विचारा. सगळे किट करत नाहीत. जिआर्डियासाठी अँटिजेन उत्तम, पण ज्याच्यासाठी किट आहे तेवढंच ती सांगते.

पीसीआर पॅनेल घेताना यादी वाचा. बऱ्याच पॅनेलमध्ये जंत नसतातच. शिवाय मेलेल्या परजीवीचा डीएनएही काही काळ सापडतो, त्यामुळे औषध संपल्यावर लगेच ‘बरं झालं का’ हे बघायला ती नको.

मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल, तर यातलं काहीच नको. सकाळी उठल्याबरोबर, शौच-अंघोळीआधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर चिकटवून द्यायची. सूतकृमीची अंडी तिच्यावर मिळतात; शौचात क्वचितच.

आणि स्टिरॉइड सुरू होणार असेल आणि शेतात अनवाणी वावर असेल, तर स्ट्राँगिलॉइडिस या मातीतून त्वचेत शिरणाऱ्या जंताबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. साध्या तपासणीत तो सहज निसटतो आणि स्टिरॉइडवर जिवावर बेतू शकतो. त्यासाठी रक्ताची अँटिबॉडी तपासणी जास्त उपयोगी.