हळदीच्या काट्याला लिनक्स जोडून आठ महिने झाले

सांगली मार्केट यार्डात आमचं हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे, दिवाणजीचं काम माझ्याकडे. गेल्या गणपतीनंतर दुकानातला कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्सवर आणला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आमच्या मशीनमध्ये नाही. यार्डातले लोक भेटले की एकच विचारतात, काटा चालतो का? म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

आमच्या दोन्ही काट्यांना मागे नऊ पिनांचं जुनं सीरियल पोर्ट आहे, आरएस-२३२. कॉम्प्युटरला तसलं पोर्ट नाही, त्यामुळे मध्ये यूएसबी-सीरियल वायर लागते. मोठ्या काट्याच्या वायरीत पीएल२३०३ चिप आहे. पूर्वी विंडोज परत टाकायची वेळ आली की तिचा ड्रायव्हर शोधण्यात अर्धा दिवस जायचा, सीडी कधीच हरवलेली. लिनक्समध्ये वायर खोचली आणि काहीच टाकावं लागलं नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००१ च्या सुमारास लिहिलेला तिचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोबतच येतो. पंचवीस वर्षं कुणीतरी तो सांभाळतंय, म्हणून आमचा जुना काटा अजून कामाचा आहे.

सुरुवातीला 'परमिशन डिनाइड' आलं. सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये युजरला घातलं, लॉगआउट होऊन परत आलो, ते मिटलं. मग स्पीड, म्हणजे काटा आकडे किती वेगानं पाठवतो ते. २४०० ठेवला तर स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं आणि चौकोन. काट्याच्या पुस्तिकेत बघून ९६०० केला. आप्पांनी पोतं काट्यावर ठेवलं तसे टर्मिनलमध्ये आकडे भराभरा चढले, ५२.६५, ५२.३५, आणि ५२.४० वर स्थिर झाले. काट्याच्या लाल आकड्यांतही तेच. आप्पा आमचे तोलार. दोन्हीकडे दोनदा बघून म्हणाले, "जमलं की वो, दिवाणजी."

लहान काट्याच्या वायरीनं मात्र तीन दिवस खाल्ले. तिच्यात सीएच३४० चिप. लावली की लॉगमध्ये ती ओळखल्याची नोंद यायची आणि लगेच पुढे डिस्कनेक्टेड. वायर बदलली, पोर्ट बदललं, फरक शून्य. शेवटी त्या दोन नोंदींच्या मधली ओळ नीट वाचली. ब्रेलटीटीवाय नावाचा प्रोग्राम वायर ताब्यात घेत होता. दृष्टिहीन व्यक्तीनं ब्रेल डिस्प्ले जोडला की तो आपोआप सुरू व्हावा, यासाठी हा प्रोग्राम असतो. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असते, यूएसबीवरचा ओळख नंबरही तोच, त्यामुळे त्याला आमचा काटा म्हणजे ब्रेल यंत्र वाटत होतं. आमच्याकडे ब्रेल वापरणारं कुणी नाही, म्हणून पॅकेज काढलं आणि वजन यायला लागलं. तुमच्याकडे कुणी वापरत असेल तर कृपा करून पॅकेज काढू नका, तेवढ्या नंबरचा यूडेव्ह नियम (यंत्र जोडल्यावर काय सुरू करायचं ते सांगणारा) बंद करा. त्या माणसासाठी ही सोय म्हणजे कॉम्प्युटरचं दारच आहे. तेव्हा मशीनवर लिनक्सची २०२२ सालची आवृत्ती होती. दिवाळीनंतर डेबियन १३ हा लिनक्सचा प्रकार टाकला, कर्नल ६.१२, आणि तोच आजही आहे.

यानंतरचं जास्त गंभीर आहे. ऐन हंगामात, सौदे चालू असताना लाइट गेली आणि आली. दोन्ही वायरींची नावं अदलाबदल झाली. कर्नल ज्या क्रमानं वायर सापडेल त्या क्रमानं टीटीवाय-यूएसबी-शून्य, एक अशी नावं देतो. कुठली वायर कुठल्या काट्याची हे त्याला ठाऊक नसतं. लहान काट्यावरच्या नमुन्याचं वजन मोठ्या काट्याच्या पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदात, पडलं. आप्पांनी पकडलं म्हणून वाचलो. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक त्या एका आकड्यावर असतं, तिथं अशी चूक चालणारच नाही. म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी हे करा: लिनक्सच्या डेव्ह (/dev) फोल्डरातल्या सीरियल फोल्डरात बाय-पाथ नावाचं फोल्डर असतं, त्यातलं नाव प्रोग्रामला द्या. ते नाव कॉम्प्युटरच्या पोर्टावरून ठरतं, लाइट कितीदाही जावो. आम्ही पोर्टांवर पेंटनं 'मोठा', 'लहान' लिहून ठेवलंय.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कप्स या लिनक्सच्या छपाईच्या प्रोग्राममधल्या एप्सन ९-पिन ड्रायव्हरवर चालतो, दुप्पट कार्बनच्या कागदावर नीट छापतो. फक्त मराठी सावकाश. प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे सगळी पट्टी चित्र म्हणून जाते आणि एकेक पट्टी पडायला पाऊण मिनिट लागतं. इंग्रजी मजकूर थेट पाठवला तर चुटकीसरशी निघतो. तसं करून बघितलं, पण मन मानलं नाही. शेतकऱ्याला पट्टीवरचं आपलं नाव वाचता आलं पाहिजे. पाऊण मिनिट थांबतो आम्ही.

डिजिटल सहीचं आणि जीएसटीचं काम सीएंच्या ऑफिसात होतं, त्यामुळे त्याचा अनुभव माझ्याकडे नाही.

बेदाण्यासाठी आता तिसरा काटा घेतला. या वेळी दुकानदाराला आधी चिप विचारली आणि एफटीडीआय कंपनीच्या चिपची वायर आणली, थोडी महाग पडली. तिच्या चिपमध्ये स्वतःचा सीरियल नंबर असतो, त्यामुळे बाय-पाथच्या शेजारच्या बाय-आयडी फोल्डरात तिचं नाव कायम एकच राहतं, कुठल्याही पोर्टात लावा. परवा मुद्दाम पोर्ट बदलून, मेन स्विच पाडून बघितलं. नाव तेच आलं, वजनही.